नाव सांगता येईल अशी वस्ती : भारतीय आत्मकथनांतील अपत्यसंगोपनाच्या स्थळाचा विचार

अपत्यांना कोठे वाढवावे, हा प्रश्न वरवर पाहता आधुनिक मध्यमवर्गाचा वाटतो. घराचे भाडे, शाळेची कीर्ती, शेजाऱ्यांची रीतभात आणि मुलांच्या कानावर पडणारी भाषा यांचा हिशेब मांडून बिऱ्हाड ठरविण्याची मोकळीक ज्यांना असते, त्यांच्यापुरताच तो मर्यादित आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील भारतीय आत्मकथने या दृष्टीने वाचली, तर हा समज टिकत नाही. ज्यांच्याजवळ मोकळीक जवळजवळ नव्हतीच अशा आईबापांनीही हा विचार केला आहे. किंबहुना त्यांनीच तो अधिक निकराने केला आहे, कारण निर्णय चुकला तर त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागणार होती.

अशा निर्णयांची दप्तरी नोंद फारशी होत नाही. स्थलांतराचे आकडे जनगणनेत सापडतात. पण एखादा बाप साताऱ्याचे बिऱ्हाड मोडून परळच्या चाळीत का आला, किंवा एखादी आई मुलीला परदेशी मठात ठेवूनही तिने आपल्याच माणसांत वाढावे असा आग्रह का धरीत होती, याचे उत्तर आकड्यांत नसते. ते आत्मचरित्रांत, चरित्रांत व पत्रव्यवहारांत असते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची मुख्य साधने वाङ्मयीनच राहणार, आणि तो भाषाभाषांच्या सीमा ओलांडूनच लिहावा लागणार. प्रस्तुत निबंधात मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी या भाषांतील काही मोजक्या साधनांच्या आधारे एक विधान तपासावयाचे आहे. ते असे : सांस्कृतिक विविधता ही वस्तीचा स्वयंसिद्ध गुण नव्हे. त्या विविधतेत मूल कोणत्या पायरीवर उभे राहते, यावर तिचे मोल ठरते. आणि ती पायरी ओळखण्याची सर्वांत साधी खूण म्हणजे त्या वस्तीत मुलाला आपले खरे नाव निर्धास्तपणे सांगता येते की नाही, ही होय.

१. मिश्र वस्ती आणि समान वस्ती

प्रथम एका गल्लतीचा निरास करणे अगत्याचे आहे. निरनिराळ्या धर्मांची, जातींची व आर्थिक स्तरांची माणसे एकाच गावात राहतात म्हणून ते गाव विविधतेचे ठरते, असे आपण सहज म्हणतो. या अर्थाने पाहिल्यास भारतातील जवळजवळ प्रत्येक खेडे विविधतेचे आहे. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथनातील बरला हे मुजफ्फरनगर जिल्ह्यातील गाव असेच आहे. तेथे हिंदू त्यागी आहेत, मुसलमान त्यागी आहेत, आणि गावाच्या कडेला चुहड्यांची वस्ती आहे. जमीनदार आहेत, तसेच त्यांच्या गोठ्यात राबणारे आणि उष्ट्यावर जगणारेही आहेत. धर्माची विविधता आहे, संपत्तीची तर आहेच. परंतु वाल्मीकि एक बोचरे निरीक्षण नोंदवितात : अस्पृश्यांशी वागताना मुसलमान त्यागी व हिंदू त्यागी यांच्यात फरक नव्हता. दोन धर्म शेजारी नांदत होते, पण तळाच्या मुलाच्या वाट्याला दोन्हीकडून एकच वागणूक येत होती. शाळेत नाव घातल्यावर मुख्याध्यापकाने त्याच्या हाती झाडू दिला. बापाने शाळेच्या आवारात शिरून त्याविरुद्ध आवाज उठविला, म्हणून त्याचे शिक्षण चालू राहिले.

औद्योगिक मुंबईचे चित्र वेगळे असावे अशी अपेक्षा असते, आणि काही अंशी ते वेगळे होतेही. रत्नागिरी, सातारा व देशावरच्या अन्य भागांतून आलेली माणसे गिरणगावात एका चाळीत, एका नळावर आली. पण गिरणीच्या आत पाऊल टाकले की जुनी उतरंड नव्या रूपात उभी असे. साचेखात्यात धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे. विटाळाचे कारण पुढे करून त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नाकारला जाई. अधिक मजुरीचे काम त्याच खात्यात होते, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. म्हणजे सांस्कृतिक अंतर व आर्थिक अंतर या दोन स्वतंत्र गोष्टी नसून एक दुसरीला राखीत होती. वस्तीचा विचार करताना या दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही तो यामुळेच.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) हे दोन्ही प्रदेश एकाच बालपणात येतात. नागपाडा-कामाठीपुऱ्याच्या परिसरातील कावाखाना आणि नगर जिल्ह्यातील धामणगाव यांच्यात ते बालपण विभागलेले आहे. कावाखान्याची वस्ती दारिद्र्याची व बकालीची आहे; एखाद्या सुस्थित पालकाने ती मुलांसाठी निवडली नसती. तरीही गावी परतल्यावर जे अंगावर येते ते शहरात त्या रूपात नव्हते, ही जाणीव कथनात सतत जागी आहे. महारवाड्यातील आपलेपण व गावकीचे ओझे ही दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात. शहरात यांपैकी एकही पुरतेपणी हाती लागत नाही. ‘कोणती जागा चांगली’ या प्रश्नाला पवारांचे कथन सरळ उत्तर देत नाही. प्रत्येक जागेने काय दिले व काय हिरावले, याचा जमाखर्च मात्र ते पुढे ठेवते.

२. साताऱ्याहून परळला

रामजी सकपाळ यांचे उदाहरण या जमाखर्चाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांचे कुटुंब प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास राहिले. साताऱ्याच्या शाळेत धाकटा भीमराव वर्गाबाहेरच्यासारखाच बसे. बसावयाचे गोणपाट त्याला घरून न्यावे लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे. १९०१ च्या सुमारास वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली, त्या प्रवासाचे वर्णन आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत केले आहे. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. आपण महार असल्याचे मुलांनी निरागसपणे सांगितले आणि त्याचा चेहरा पालटला. पुढे गाडीवान मिळेना. वाटेत पाणी मिळावे म्हणून मुसलमान असल्याचे सांगण्याचा सल्ला मुलांना देण्यात आला. तसे सांगूनही पाणी मिळाले नाहीच. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात दोन धडे घेतले : खरी ओळख सांगितली की माणसे दूर होतात, आणि खोटी ओळख सांगूनही हाती काही लागतेच असे नाही.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत, कामगारांच्या दाटीवाटीत, एका खोलीत राहू लागले. आर्थिक दृष्टीने हा बदल सुखाचा नव्हता. पेन्शन तुटपुंजे, खोली एक, माणसे अधिक. धनंजय कीर यांच्या चरित्रात आलेल्या वर्णनाप्रमाणे मुलगा लवकर झोपे व बाप मध्यरात्रीनंतरपर्यंत जागून, त्याला अभ्यासाला उठवून मग स्वतः झोपे, म्हणजे त्याच खोलीत निजण्यास व वाचण्यास आळीपाळीने जागा मिळे. या गैरसोयीच्या बदल्यात एक गोष्ट मिळाली : एल्फिन्स्टन हायस्कूलसारख्या सरकारी शाळेचा दरवाजा. तेथून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला.

या शाळेत समता होती असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून, त्याला फळ्यापाशी बोलावताच मुलांनी ते हलविण्यासाठी धाव घेतली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. संस्कृत शिकता आले नाही, म्हणून त्याला पर्शियन घ्यावे लागले. तरीही साताऱ्यापेक्षा मुंबई वेगळी होती, ती दोन अर्थांनी. साताऱ्यात शाळेबाहेरचा प्रत्येक रस्ता ओळखीचा होता व प्रत्येक ओळख जातीची होती. मुंबईत शाळा ते चाळ हे अंतर अनोळखी गर्दीतून कापता येई. शिवाय या शाळेतून पुढे जाणारी वाट होती. रामजींनी मुलासाठी निवडले ते विविधतेचे सौंदर्य नव्हे; त्यांनी अनोळखीपणाचा थोडा आडोसा आणि एक वाट निवडली. या निवडीचे मोल आपण आज मुलाच्या कर्तृत्वावरून करतो. त्या वेळी मात्र बापापुढे एका खोलीचे भाडे आणि पुस्तकांसाठी काढावे लागणारे कर्ज एवढेच निश्चित होते.

अनोळखीपणाचा आडोसा किती तोकडा असतो, हे १९१७ साली बडोद्यास पुन्हा सिद्ध झाले. परदेशातून विद्या संपादन करून आलेल्या अधिकाऱ्याला राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्याने काही दिवस काढले. खरे नाव कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. आसरा मागितला असता एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्रानेही असमर्थता दाखविली. बडोदे हे त्या काळी सुधारणेचे व बहुधर्मीयांचे शहर होते. तीन धर्मांची दारे तेथे होती, पण खरे नाव घेऊन आत जाता येईल असे एकही नव्हते. ज्या कसोटीचा वर उल्लेख केला, ती याहून स्पष्टपणे मांडणारा प्रसंग शोधून सापडणे कठीण.

३. टॉलस्टॉय फार्म : घडवून आणलेली विविधता

रामजींनी उपलब्ध जागांतून एक निवडली; गांधींनी जागाच निर्माण केली. १९१० साली हेर्मान कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची सुमारे ११०० एकरांची जमीन सत्याग्रही कुटुंबांसाठी दिली आणि टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती अशी मुले होती. त्यांच्या घरच्या भाषा गुजराती, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा निरनिराळ्या होत्या. स्वयंपाकघर एक, श्रम सर्वांना सारखे, नोकर कोणी नाही. रमजानच्या दिवसांत मुसलमान मुलांबरोबर इतर मुलेही उपवास करीत. येथे सांस्कृतिक विविधता व आर्थिक समानता यांचा जाणीवपूर्वक मेळ घातलेला होता, आणि या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य तेच आहे. बरल्यात धर्म दोन व पायऱ्या अनेक होत्या. फार्मवर धर्म चार आणि पायरी एक होती.

मात्र या एका पायरीलाही सीमा होती. फार्म दक्षिण आफ्रिकेत होते, पण त्यातील मुले भारतीयच होती. ज्या भूमीवर ते उभे होते तिची मूळ प्रजा या सहजीवनात आली नाही. विविधतेचा प्रत्येक प्रयोग कोणाला तरी हिशेबाबाहेर ठेवतो, आणि ते कोण हे पुढच्या काळालाच स्पष्ट दिसते.

स्वतःच्या मुलांना या मिश्रणात ठेवण्याबद्दल कॅलनबाख यांनी शंका घेतली होती. फार्मवरची काही मुले उनाड व वाईट सवयींची आहेत, त्यांच्या संगतीत गांधींची मुले बिघडतील, असे त्यांचे म्हणणे होते. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये गांधी हा आक्षेप प्रामाणिकपणे नमूद करतात आणि त्यास उत्तर देतात. आपल्या मुलांना इतरांपासून वेगळे काढले तर त्यांच्या मनात श्रेष्ठत्वाची भावना रुजेल, आणि या मिसळण्यातून त्यांचे नुकसान न होता लाभच झाला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या भूमिकेची मुळे अधिक जुनी आहेत. १८९७ साली कुटुंबासह डर्बनला आल्यावर युरोपीय मुलांच्या शाळेत आपली मुले खास मेहेरबानी म्हणून घातली जाऊ शकली असती. जे इतर भारतीय मुलांना मिळत नाही ते आपल्या मुलांसाठी घ्यावयाचे नाही, म्हणून त्यांनी ते नाकारले.

नैतिक दृष्ट्या ही भूमिका उंच आहे यात शंका नाही. परंतु येथे तौलनिक अभ्यासकाने दुसऱ्या साक्षीदाराला बोलावले पाहिजे. थोरला मुलगा हरिलाल १९११ मध्ये शिक्षणासाठी घर सोडून अहमदाबादेस गेला, आणि १९१५ साली त्याने वडिलांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या स्वरूपाच्या पत्रात आपली कैफियत मांडली. रीतसर शिक्षणापासून आपल्याला वंचित ठेवले गेले आणि इंग्लंडला शिकण्याची संधी आली तेव्हा ती इतरांना देण्यात आली, हे त्याचे दुःख होते. सहजीवनाविषयी त्याची तक्रार नव्हती. त्या सहजीवनातून बाहेर जाणारी वाट नव्हती, ही होती. बॅरिस्टर बापाने मिळालेली पायरी सोडून देणे हा त्याग झाला. मुलाला ती पायरी चढण्याआधीच सोडावी लागली, याला त्याग म्हणता येईल काय, हा प्रश्न हरिलालने उभा केला. रामजींच्या एका खोलीत समानतेचे वातावरण नव्हते, पण वाट होती. फार्मवर समानता होती, वाट बंद होती. हे दोन पिते एकमेकांशेजारी ठेवून वाचल्याखेरीज या प्रश्नाची दोन्ही टोके नजरेत येत नाहीत.

४. ‘आपली माणसे’ म्हणजे कोण?

आतापर्यंत नाव सांगता येण्याची कसोटी परक्यांच्या संदर्भात पाहिली. तिची दुसरी बाजू आपल्यांच्या संदर्भातली आहे, आणि तिच्यासाठी पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते.

रमाबाईंचा स्वतःचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, त्यास विरोध झाला, आणि त्यांनी गावापासून दूर राहणे पत्करले. म्हणजे मुलांना समाजापासून वेगळे वाढविणे हाही एक जुना मार्ग आहे. पुढे तीर्थयात्रा, दुष्काळ, आईवडिलांचा मृत्यू, भावासह कलकत्ता, एका बंगाली शूद्र वकिलाशी विवाह आणि अल्पावधीत वैधव्य, असा त्यांचा प्रवास झाला. एप्रिल १८८१ मध्ये जन्मलेल्या मनोरमेला घेऊन त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई चेल्टनहॅमला शिकत असताना आणि पुढे अमेरिकेत असताना मनोरमा काही काळ वाँटेजच्या भगिनींजवळ राहिली.

या काळातील पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी संकलित केला व तो ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोरमेचे संगोपन कोठे व कोणी करावे, हा त्यातील एक तीव्र वादविषय आहे. इंग्रज भगिनींच्या दृष्टीने मठातील शिस्तबद्ध वातावरण मुलीच्या हिताचे होते. आर्थिक सुरक्षितताही तेथेच होती. रमाबाईंना ते उपकार मान्य होते. परंतु मुलगी परदेशी रीतीत वाढून आपल्या देशबांधवांहून स्वतःला निराळी व वरचढ समजू लागेल, ही भीती त्यांना सतावीत होती. मुलीने भारतीय स्त्रियांतलीच एक म्हणून त्यांच्यावर प्रेम करावे, असा त्यांचा आग्रह होता. धर्म बदललेल्या, जातीबाहेर विवाह केलेल्या, स्वतःच्या समाजाने दूर लोटलेल्या स्त्रीने हा आग्रह धरावा, ही बाब चिंतनीय आहे. ज्यांनी आपल्याला नाकारले त्यांचे नाव घेण्याची लाज मुलीला वाटू नये, असे ती म्हणत होती.

याच्या उलट बाजूचे चित्रही रमाबाईंच्याच आयुष्यात आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेल्या व पुढे पुण्यास हलविलेल्या शारदा सदनात मुलींना आपापले जातिनियम पाळण्याची मुभा होती. परंतु मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो आहे हे उघड होताच १८९३ साली वादळ उठले. रानडे, भांडारकर प्रभृतींनी संस्थेशी संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांना केवळ कर्मठ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण मनोरमेबद्दल रमाबाईंना जी भीती वाटत होती, तीच आपल्या मुलींबद्दल या पालकांना वाटत होती : मूल आपल्यातून जाईल. फरक एवढाच, की रमाबाईंनी ‘आपली माणसे’ या शब्दाचा अर्थ जातीपलीकडे नेला होता. या पालकांना तो नेता आला नाही.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) हाच ताण कोकणातील एका घरात दिसतो. शिक्षक असलेल्या वडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी रत्नागिरी शहरात बिऱ्हाड केले. मृत्यूपूर्वी त्यांनी पत्नीला मुलांचे शिक्षण सोडू नकोस असे बजावले, आणि त्या माउलीने आयदाने विणून ते वचन पाळले. शहरात शाळा होती. गावी वाडी होती, नाती होती. येथेही बापाने वाट निवडली, आणि त्या वाटेचा खर्च आईच्या बोटांनी भरून काढला. वास्तव्याच्या निर्णयाचे श्रेय बापाकडे व श्रम आईकडे, ही विभागणी बहुतेक आत्मकथनांत आढळते. स्त्रियांनी लिहिलेल्या आत्मकथनांमुळेच ती आपल्याला दिसू लागली.

५. स्वजातीय वसाहत आणि स्वतंत्र वसाहत

परक्यांत अपमान आणि आपल्यांत कोंडमारा, यांतून वाट काढण्याचा एक सामुदायिक उपाय विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत पुढे आला. तो म्हणजे समाजवार गृहरचना. १८९६ च्या प्लेगनंतर शहराची पुनर्रचना सुरू झाली आणि नोकरीपेशातील समाजांनी सहकारी तत्त्वावर वसाहती उभारण्यास प्रारंभ केला. श्री. सु. तलमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहसंस्था ही यांतील अग्रणी होय. कानडा मुलखातून आलेल्या कुटुंबांना परक्या शहरात आपली बोली, आपले सण व परवडणारे घर एकत्र मिळाले. मुलांच्या दृष्टीने पाहिल्यास अशा वसाहतीत नाव सांगण्याची अडचणच उद्भवत नाही. तेथे सर्वांची नावे ओळखीची असतात.

या व्यवस्थेचा दोष तिच्या गुणातच आहे. आतल्यांना जे कुंपण आधार देते तेच बाहेरच्यांना अडविते. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व विशिष्ट समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा सहकारी संस्थेचा नियम ग्राह्य धरला. संख्येने अल्प असलेल्या समाजाला आपली संस्कृती टिकविण्यासाठी अशा संरक्षणाची निकड वाटावी हे समजण्यासारखे आहे. पण हाच नियम बलिष्ठ समाजांच्या हाती पडला की शहरातील सोयीच्या जागा, चांगल्या शाळा व ओळखीपाळखी एका वर्तुळात बंदिस्त होतात.

येथे आंबेडकरांच्या एका मागणीचा विचार आवश्यक आहे, कारण तिची गल्लत अशा वसाहतींशी होण्याचा संभव असतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात तिला संविधानिक योजनेचे रूप देण्यात आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यावर त्यांनी केलेली कठोर टीका याच विचाराचा भाग आहे. ज्याने स्वतः मुंबईच्या मिश्र गर्दीतून वाट काढली, त्याने वेगळ्या वसाहतीची मागणी करावी हा विरोधाभास वाटतो, पण तो तसा नाही. गावकुसाबाहेरची वस्ती आधीपासूनच वेगळी होती. ती वेगळी असूनही परावलंबी होती. मागणी होती ती या परावलंबनातून सुटण्याची, स्वतःच्या जमिनीची. समाजवार गृहसंस्था आपले स्थान राखण्यासाठी वेगळी होते. ही वसाहत कोठल्याही स्थानावर उभे राहता यावे म्हणून वेगळी होऊ पाहत होती. विविधतेचे मूल्यमापन करताना वेगळे राहण्यामागील हेतू आणि वेगळे राहणाऱ्याचे बळ हे दोन्ही पाहावे लागते.

६. आडनावाचा प्रश्न

वाल्मीकि यांच्या आत्मकथनात हा सारा विचार एका शब्दाशी येऊन थांबतो, तो शब्द म्हणजे आडनाव. आयुध निर्माणीतील प्रशिक्षणाच्या निमित्ताने ते मुंबईजवळच्या अंबरनाथला आले. मराठी दलित साहित्याशी त्यांचा परिचय येथेच झाला. दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात येण्याने त्यांना स्वतःचा आवाज सापडला, हे विविधतेचे देणे नाकारता येणार नाही. पण त्याच अंबरनाथमध्ये एका ब्राह्मण कुटुंबाने ‘वाल्मीकि’ या नावावरून त्यांना ब्राह्मण समजून घरात घेतले. त्या घरी दलित पाहुण्याला चहा वेगळ्या कपात मिळतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी त्या घरच्या मुलीला आपली जात सांगितली आणि जुळू पाहणारे नाते तेथेच संपले. परमुलखात त्यांच्या आडनावाचा अर्थ बदलला होता. अर्थ पुन्हा खरा होताच दार मिटले.

पुस्तकाच्या अखेरीस येणारा प्रसंग याहून अंतर्मुख करणारा आहे. वर्गात विचारणा झाली तेव्हा त्यांच्या पुतणीने काकांची ओळख नाकारली, कारण ती दिल्यास तिची जात उघड झाली असती. पत्नीलाही हे आडनाव खुपत होते. आपल्याला मूल असते तर आपण ते बदलून घेतलेच असते, अशा आशयाचे तिचे उद्गार वाल्मीकि नोंदवितात. स्वतःसाठी सोसणे वेगळे, मुलाला सोसायला लावणे वेगळे, हे त्या उद्गारामागचे सत्य आहे. लेखकाची निष्ठा आणि आईची शक्यता यांत कोण बरोबर, याचा निवाडा पुस्तक करीत नाही. रमाबाईंना जी भीती होती ती येथे वेगळ्या वाटेने खरी झाली : वस्ती नाव स्वीकारीत नाही, म्हणून मूल आपल्याच माणसाचे नाव टाकून देते.

हा केवळ गतकाळ आहे असे म्हणता येत नाही. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व तिच्या परिसरातील भाड्याच्या घरांविषयी केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. भाडेकरूची जात व धर्म पाहून दलित व मुसलमान यांना घर नाकारले जाते, असे तीत आढळले. पैसे देण्याची ऐपत असूनही दार न उघडणे, हे बडोद्याचेच नवे रूप होय.

घर ही खाजगी बाब मानली गेल्याने कायद्याने तेथे फारसे पाऊल टाकले नाही. शाळेत मात्र टाकले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांच्या प्रवेशवर्गात दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद उचलून धरली. घर कोठेही असो, वर्गात मुले एकत्र यावीत, हा त्यामागील विचार आहे. दिल्लीतील खाजगी शाळांत गरीब मुलांना प्रवेश देण्याच्या आधीच्या धोरणाचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी केला व तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्रांच्या सहवासात संपन्न घरांतील मुले अधिक उदार व कमी भेदभाव करणारी झाली. अभ्यासातील त्यांची हानी इंग्रजीपुरती व किरकोळ होती, असे त्यांना दिसले. कॅलनबाख यांच्या शंकेला शतकानंतर मिळालेले हे अनुभवसिद्ध उत्तर मानता येईल. तरीही पालकांची व संस्थांची अनिच्छा ओसरलेली नाही. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना या बंधनातून सूट देणारी अधिसूचना निघाली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मात्र या अभ्यासातही मोजला गेला तो मुख्यतः संपन्न मुलांवरील परिणाम. त्या वर्गात बसलेल्या गरीब मुलाला काय वाटले, याचे उत्तर अजून यावयाचे आहे. आणि पूर्वानुभव असा, की ते उत्तर पुष्कळ वर्षांनी, आत्मकथनाच्या रूपाने येते.

७. समारोप

वर पाहिलेल्या निर्णयांपैकी एकही निर्दोष नाही. रामजींनी वाट दिली, पण अपमानातून वाचविता आले नाही. गांधींनी समानता दिली, पण वाट बंद केली. रमाबाईंनी आपलेपण राखू पाहिले, पण त्यासाठी मुलीला काही काळ दूर ठेवावे लागले. सारस्वत वसाहतीने आसरा दिला आणि कुंपणही दिले. या सर्वांना एका तराजूत टाकून सर्वोत्तम जागा ठरविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. परंतु त्यांतून हाती लागणारी कसोटी व्यर्थ नाही. ज्या वस्तीत मुलाला आपले नाव शेजाऱ्यास निर्धास्तपणे सांगता येते, आपल्या माणसांचे नाव घेण्याची लाज वाटत नाही, आणि त्या नावानिशी पुढे जाण्याची वाट खुली असते, ती वस्ती संगोपनास योग्य. तेथे भाषा किती आणि धर्म किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

या कसोटीवर उतरणारी जागा निवडण्याचे स्वातंत्र्य फार थोड्या पालकांना असते. ज्यांना ते असते, ते मुलांसाठी वस्ती निवडताना नकळत इतरांच्या मुलांची वस्तीही ठरवीत असतात : कोणाला खोली मिळेल, कोणाच्या शेजारी कोण बसेल, कोणाला नाव बदलावे लागेल. भारतीय आत्मकथनांचा तौलनिक अभ्यास केल्यास ही साखळी नजरेस येते. मसूरच्या स्टेशनवर मुलांनी नाव सांगितले तेव्हा उत्तर देण्याची पाळी स्टेशनमास्तरवर आली होती. वस्तीची पारख नवागताच्या गुणांवरून होत नाही. आधीपासून तेथे असलेल्यांच्या उत्तरावरून होते, आणि ते उत्तर बदलण्याचे दायित्वही त्यांच्याकडेच जाते.